एलीचे काम

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने मागील पन्नास वर्षांचा वृत्तांत सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे, दिवंगतांचे स्मरण करावे, आणि शेवटी उपदेशाचे दोन शब्द बोलून बसावे, असा परिपाठ आहे. वृत्तांत स्मरणिकेत स्वतंत्र छापला जाणार आहे; आभार व स्मरण आज सकाळी वेदीपुढे झाले. राहता राहिला उपदेश. परंतु तो करण्याचा अधिकार आम्हांस आज पूर्णपणे पोहोचतो असे वाटत नाही. म्हणून प्रथम एक कबुली देतो.

महोत्सव हा शब्द आपण फार सहज वापरतो. लेवीय पुस्तकात पन्नासाव्या वर्षाचा जो विधी सांगितला आहे त्यात मंडप, रोषणाई व जेवणावळ यांचा उल्लेख नाही. तेथे रणशिंगाचा नाद आहे, विकली गेलेली शेते मूळ कुटुंबाकडे परत जाणे आहे, दास्यात पडलेल्यांची सुटका आहे, आणि जमिनीला विसावा आहे. जमीन परमेश्वराची असून आपण तिच्यावरचे उपरे आहोत, ही गोष्ट त्या वर्षी इस्राएलाने पुन्हा एकवार आठवावयाची होती. तेव्हा खरा महोत्सव करावयाचा तर दोन प्रश्न विचारले पाहिजेत: पन्नास वर्षांत आपण या भूमीचे काय केले? आणि जे दुसऱ्याचे होते ते आपल्या मुठीत अडकून तर राहिले नाही ना?

आता ती कबुली. दोन वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणानंतर हिशेबाची सभा भरली होती. मंडळाचे सभासद बसले होते, आणि नववीत शिकणारी एक मुलगी चहा देत होती. हिशेब संपत आला तेव्हा ती हातात किटली घेऊन तशीच उभी राहिली व म्हणाली, ‘फादर, मैदानातल्या खऱ्याच्या पन्न्या कोण उचलणार?’ दोघे-तिघे हसले. आम्हीही हसलो, आणि म्हणालो, ‘बाळ, मोठी माणसे बोलताहेत ना? आधी चहा दे.’ तिने चहा दिला. पुढच्या रविवारी मिस्सेला जाण्यासाठी आम्ही दार उघडले तो उंबऱ्याशी गोण्यांची रास लागलेली. ती मुलगी आणि तिच्या बरोबरीची सहा लेकरे यांनी शनिवारी दुपारभर मैदान वेचले होते. कोणी काही बोलले नाही. गोण्या मात्र बरोबर आमच्याच दाराशी ठेवल्या होत्या.

खर्रा म्हणजे काय हे या सभेत कोणास समजावून सांगावे लागेल असे नाही. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, पन्नीतच बांधून न्यायचा, आणि तोंडात टाकून पन्नी वाऱ्यावर सोडायची. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, चंद्रपुरात काय आणि गडचिरोलीत काय, पाचवी-सहावीतील मुलांच्या खिशातही ती पुडी सापडते. पन्नी नालीत जाते, नालीतून बोडीत जाते, चारा समजून गाय ती गिळते. आणि पुडीतला ऐवज माणसाच्या गालात जाऊन पुढे काय करतो हे पाहावयाचे असेल तर कर्करोगाच्या रुग्णालयाची एक खेप करावी. म्हणजे त्या मुलीच्या एका प्रश्नात आरोग्य होते, व्यसन होते, पाणी होते, गुरे होती. आम्ही तिला चहा देण्यास सांगितले.

तो दिवस गेल्यावर आम्हांस शमुवेलाची गोष्ट पुन्हा वाचावी लागली. सेमिनरीत असताना आम्ही ती गोष्ट नेहमी शमुवेलाच्या बाजूने वाचीत असू: देव मुलास हाक मारतो, मूल ‘ओ’ देते. आता वयाच्या पन्नाशीनंतर ती एलीच्या बाजूने वाचावी लागते. एली म्हातारा आहे, डोळ्यांनी मंद आहे, स्वतःची मुले त्याला आवरता आली नाहीत. त्याच्या हातून झालेले चांगले काम एवढेच की, तिसऱ्या वेळी पोर झोपेतून उठून आपल्याकडे आले तेव्हा त्याने ओळखले की, यास हाक मारणारा मी नव्हे, परमेश्वर आहे. आणि त्याने मुलास परत जाऊन ऐकावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलाने जे सांगितले ते एलीच्याच घराण्याच्या विरुद्ध होते. तेही त्याने ऐकून घेतले. आज आम्ही जे बोलणार आहोत ते मुलांसाठी थोडे आणि एलीच्या वयाच्या माणसांसाठी अधिक आहे.

आपण आपल्या किशोरवयीन मुलांकडून काय काय करवून घेतो ते पाहा. पताका लावणे, खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना गुच्छ देणे, स्वागतगीत म्हणणे, आणि जागतिक पर्यावरणदिनी खड्ड्यात रोप धरून छायाचित्र काढून घेणे. यंदाचे रोपही बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. याला आपण तरुणांचा सहभाग म्हणतो! आमच्या मते याचे खरे नाव बिनपगारी मजुरी. ज्या मुलास निर्णयात भाग नाही, पैशाची माहिती नाही, चूक करण्याची मुभा नाही, ते मूल मोठे होऊन पुढारी कसे होईल? ते एक तर मुकाट होईल, किंवा पुण्याला जाईल.

आता कोणी म्हणेल की, फादर, पुढारीपण शिकविण्याची शिबिरे शहरांत होतात, मोठमोठे पाहुणे येतात, आपल्या रानात ते कोठून आणावे? बंधूंनो, आमचे म्हणणे उलट आहे. वैनगंगेच्या अलीकडे व पलीकडे, आपल्या अंगणात, असे धडे घालून ठेवले आहेत की, त्यांसाठी दूरदूरचे लोक येथे येतात. आपणच तेवढे जात नाही.

धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचे नाव जोडून त्यास मेंढा-लेखा म्हणतात. १९८० नंतरच्या वर्षांत इंचमपल्ली व भोपालपट्टणम येथील धरणांच्या योजनांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ झाली. बाबा आमटे व लालश्यामशहा महाराज हे तिचे अग्रणी. त्या घुसळणीतून मेंढ्याची माणसे विचार करू लागली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि त्यांना साथ देणारे ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे आपण ऐकली असतील. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा तर आता सर्वतोमुखी झाली आहे. परंतु घोषणेपूर्वी काय घडले ते फारसे कोणी सांगत नाही, आणि आजच्या आपल्या विषयाला तेच हवे आहे.

गावाने आरंभी जी कामे मनावर घेतली त्यांत एक होते घोटुल पुन्हा उभारण्याचे. घोटुल म्हणजे गोंड समाजातील तरुण पोरापोरींचे घर. तेथे गाणे-नाचणे होते, आणि वडीलधाऱ्यांच्या रीतीभाती, कामे, जबाबदाऱ्या पुढच्या पिढीच्या अंगवळणी पडतात. ही प्रथा क्षीण झाली होती. गावाने ठरवून जंगलातील सागवान आणून घोटुल बांधले. सागवान सरकारी मालाचे. म्हणून वनखात्याने ते पाडले. गावाने मारामारी केली नाही व माघारही घेतली नाही. आसपासची गावे पाठीशी उभी राहिली, आणि घोटुल पुन्हा बांधले गेले. ज्या गावाच्या स्वराज्याचे आज देशभर नाव आहे, त्याचा एक आरंभीचा लढा तरुणांच्या घरासाठी झाला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्हां मिशनकार्यातील मंडळींपैकी अनेकांनी पूर्वी घोटुलाकडे नुसत्या संशयाने पाहिले. त्यात काय त्याज्य होते याची चर्चा आम्ही खूप केली. तरुणांस स्वतःचे छप्पर असते, ही त्यातली चांगली गोष्ट आम्ही पाहिली नाही. आपल्या धर्मग्रामात धर्मगुरूंचे घर आहे, भगिनींचे मठ आहे, मंडळाचे कपाट आहे. तरुणांचे काय आहे?

मेंढ्यातील दुसरी गोष्ट अभ्यासगटाची. तेथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांचे मत एक होईपर्यंत विषय पुढे चालतो. एकाची हरकत असली तरी थांबायचे, बोलायचे, पुन्हा बसायचे. हे शक्य होते, कारण सभेच्या आधी अभ्यासगटात विषय उलटापालटा करून पाहिला जातो. बाहेरून जाणकार आले तर तेही गटात बसून बोलतात, निर्णय मात्र गावाचा. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला तेव्हा या गावाला तो कोणी वकिलाने समजावून द्यावा लागला नाही. २००९ साली अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्याचे अडले. कारण १९२७ च्या कायद्याने बांबूस झाड मानले होते, आणि गावाचे म्हणणे की बांबू हे गवत आहे व गौण वनोपज आहे. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले व वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ साली गावाने ग्रामदानही केले. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांस असे सामूहिक हक्क मिळालेले आहेत. तुमच्यापैकी कित्येकांची गावे त्यांत असतील. परंतु आपल्या गावाच्या हक्कपत्रात किती हेक्टर लिहिले आहेत, हे आपल्या घरातील दहावीच्या मुलास ठाऊक आहे काय? आजोबांना ते वाचता येत नाही, वडिलांस वेळ नाही. वाचता येणारे एकच माणूस घरात आहे, आणि त्याला आपण ग्रामसभेच्या दिवशी गुरे राखावयास धाडतो.

दुसरे गाव आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील, गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर त्यास हक्क मिळाला. पाचगावने एक मोठा कठीण निर्णय घेतला: तेंदूपत्ता विकावयाचा नाही. मे महिन्यात तेंदूचा पैसा रोख हातात येतो, त्यावर कित्येक घरांचा पावसाळा निभतो. तो सोडणे म्हणजे काय, हे तुम्हांस आमच्याहून अधिक कळते. परंतु चांगला कोवळा पाला फुटावा म्हणून झुडपे छाटतात, रानाला आग लावतात, त्या आगीत रोपे, अंडी, पिल्ले सारे जाते. आणि पाने तोडली की टेंभुर्णीची फळे राहत नाहीत. गावाने विचार करून बांबूवर भर दिला. वनाचा काही भाग तर देवराईसारखा राखला आहे, तेथे कुऱ्हाड लावावयाची नाही. रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्या तरुणांस गावातच काम मिळू लागले. सगळ्याच गावांनी तेंदू सोडावा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, असा निर्णय घेण्यापूर्वी जे बोलणे होते, ते मुलांच्या कानावर पडले पाहिजे. नफा-तोट्याचे असले गणित कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आणि ज्यांची मुले शहरात वाढतात त्यांनीही हात झटकू नयेत. चंद्रपूरचे पाणी, हवा व धूळ यांची स्थिती काय आहे? २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तीत अतिप्रदूषित क्षेत्रांमध्ये चंद्रपूर पहिल्या पाचांत होते. कोळसा, वीज, सिमेंट, कागद यांवर आपल्यापैकी पुष्कळांची चूल पेटते, म्हणून या विषयावर आपण घरात दबकून बोलतो. त्याच शहरात गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर ही त्याची दारे. तटावर झाडेझुडपे माजली होती, खाली कचरा साचला होता. २०१७ सालच्या मार्च महिन्यापासून बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी जाऊन तो तट साफ करण्यास आरंभ केला, आणि शेकडो दिवस ते काम चालविले. एक दिवस झाडू हाती धरणारे पुष्कळ असतात. दोनशेव्या दिवशी झाडू हाती धरणारे थोडे. मुलांस न्यावयाचे तर त्या दोनशेव्या दिवशीच्या माणसाकडे न्यावे. बाबा आमटे यांनी सोमनाथला १९६७ सालापासून श्रमसंस्कार छावणी भरविली, तिचेही मर्म हेच की, आधी हातास फोड यावे आणि मग तोंडास शब्द यावा.

येथे एका धोक्याचा इशारा देणे आमचे कर्तव्य आहे, आणि तो आम्ही घाईने देणार नाही. आपल्या रानात वाघ आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली वाकलेले माणूस आणि दबा धरलेले जनावर यांची गाठ कशी पडते, हे सांगण्यास ब्रह्मपुरी, सावली, मूल या भागांत कोणी परका नको. म्हणून पर्यावरणाच्या नावाने मुलांस रानात पाठवून शौर्य दाखवावयास लावणे हा नेतृत्वाचा धडा नव्हे, ते मोठ्यांचे पाप होय. वाघ गावालगत आला असता गर्दी आवरण्यासाठी वनखात्याने गावोगाव प्राथमिक प्रतिसाद दले उभारली आहेत. ते सज्ञान व शिकलेल्या माणसांचे काम आहे. मुलांनी करावयाचे ते गावात बसून: कोणत्या वाटेवर दिवा नाही, कोणाच्या घरी शौचालय नाही म्हणून अंधारात बाहेर जावे लागते, कोण एकटा गुरे घेऊन जातो, गावाकडेच्या कोणत्या जागी झुडूप माजले आहे, याचा नकाशा करून ग्रामसभेपुढे मांडणे. असा नकाशा एका तेरा वर्षांच्या मुलीने चांगला काढला तर तिने एखाद्याचा जीव वाचविला असे आम्ही समजू.

दुसरा धोका वाघाहून कमी नाही. या प्रदेशात बंदूकवाल्यांनी कोवळ्या मुलांस उचलून दलमांत नेल्याचे दुःख आपण पाहिले आहे. त्यामुळे मुले आणि चळवळ हे दोन शब्द एकत्र आले की येथील आईच्या काळजात चर्र होते, आणि ते योग्यच आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाबद्दल या सभेतच दोन मते असतील. कोणाचा भाऊ तेथे कामावर आहे, कोणाचे रान त्या डोंगराखाली आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: मोठ्यांनी आपले भांडण मुलांना मोर्चाच्या अग्रभागी ठेवून लढू नये, मग ते कोणत्याही बाजूचे असो. मुलास मत उसने देऊ नये. त्यास विचारावयास शिकवावे, आणि त्याने आपल्याच बाजूस गैरसोयीचे विचारले तर एलीप्रमाणे ऐकून घ्यावे.

तर मग शिकवावयाचे कसे? बेल्जममध्ये फादर जोसेफ कार्डाइन यांनी गेल्या शतकात कारखान्यांत राबणाऱ्या पोरांचे संघ बांधले. त्यांची रीत तीन शब्दांची होती: पाहा, पारखा, करा. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात याच रीतीची शिफारस केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीविषयी परिपत्रक काढले त्यात तरुण बदल मागत आहेत असे नमूद केले, आणि २०१९ साली तरुणांस उद्देशून लिहिताना, ते ख्रिस्तसभेचे केवळ भविष्य नसून वर्तमान आहेत, असे म्हटले. ही वचने आम्ही प्रवचनात पुष्कळदा सांगितली होती. परंतु त्या गोण्या दाराशी पडल्यावर आम्ही त्या सात मुलांस बोलाविले, क्षमा मागितली, आणि कार्डाइनची रीत त्यांच्यापुढे ठेवली.

पाहणे त्यांनी फार चांगले केले. महिनाभर दर शनिवारी शाळेची वाट, बसथांबा, बाजार व आपले मैदान येथील पन्न्या वेगवेगळ्या वेचून कोठे किती निघाल्या ते फळ्यावर लिहिले. पारखण्याच्या वेळी त्यांस कायदा वाचावयास दिला. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणासही विकता येत नाही. मुलांनी दोरी घेऊन अंतर मोजले. शाळेजवळचे दुकान शंभर यार्डांच्या आत निघाले. आणि ते दुकान आपल्याच मंडळातील एका मान्यवर सभासदाचे होते.

त्या आठवड्यात आम्हांस झोप लागली नाही. त्या गृहस्थांनी मंदिराच्या छपरास देणगी दिली होती. आमच्या मनात आले की, मुलांस सांगावे, अंतर पुन्हा मोजा. आम्ही तसे सांगितले नाही. परंतु मनात आले होते, हे लपवीत नाही. मुले स्वतःच गेली. त्यांनी फलक नेला नाही, घोषणा दिल्या नाहीत. ‘काका, आमचे थोडे ऐकता का?’ म्हणून वही पुढे ठेवली. काका रागावले. दोन रविवार मिस्सेला आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, आणि मागच्या बाकावर बसले. पुढे त्यांनी मुलांना पुडी विकणे बंद केले, आणि काही महिन्यांनी खऱ्याचे सामानच काढून टाकले. तुम्ही टाळ्या वाजवाल म्हणून लगेच सांगतो की, बसथांब्याजवळच्या ठेल्यावर विक्री वाढली, आणि आमच्या सातांपैकी एक मुलगा स्वतः खर्रा खाताना आढळला. त्यास गटातून काढावे असे काहींचे म्हणणे पडले. मुलांनी दोन बैठका घेऊन त्यास ठेवून घेतले. तो म्हणाला, ‘सोडतो’. सोडले आणि पुन्हा धरले. सध्या सुटला आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. तेव्हा व्यसनाच्या बाबतीत एका ठरावाने काय होते व काय होत नाही हे मोठ्यांनाही पुरते उमगलेले नाही. मुलांस ते चौदाव्या वर्षी उमगू लागले, हा लाभ लहान नव्हे.

यंदा त्यांनी बोडी हाती घेतली आहे. चर्चमागची बोडी माजी मालगुजारी तलावाच्या सांडव्याखाली आहे. बेशरमाने ती अर्धी भरली, आणि सणाच्या मूर्त्या, पन्न्या व राडारोडा यांनी उरलेली. मुलांस वाटले, सगळे उपटून टाकावे. ढिवर मोहल्ल्यातील एक आजोबा काठावर बिडी ओढीत बसले होते. ते म्हणाले, ‘बेशरम काढा बापा, पण खालचे गवत काढू नका, त्यात मासोळी अंडी घालते.’ ती मुले आता दर रविवारी आजोबांची शाळा भरवितात. आजोबा ख्रिस्ती नाहीत, अक्षरशत्रू आहेत, आणि पाण्यातील वनस्पतींची नावे आमच्या सेमिनरीतील कोणाही प्राध्यापकाहून त्यांस अधिक येतात. बिडीविषयी मुलांनी त्यांस टोकले आहे. अद्याप यश नाही.

आता महोत्सवाच्या निमित्ताने या सभेकडे आमचे मागणे. मेणबत्त्यांच्या खोलीमागची जी खोली मोडक्या बाकांनी भरली आहे ती रिकामी करून तिची किल्ली मुलांच्या हाती द्यावी. दुसरी किल्ली आमच्याकडे नको, मंडळातील एका आईकडे असावी. मंडळात दोन जागा अठरा वर्षांखालील मुलांच्या असाव्या, त्यांतील एक मुलीची, आणि त्यांनी चहा देऊ नये. महोत्सवनिधीतून रोषणाईसाठी ठेवलेल्या रकमेचा निम्मा भाग त्यांच्या कामाला द्यावा, आणि हिशेब त्यांनीच लिहून सर्वांपुढे वाचावा. पैसा चुकेल, थोडा वाया जाईल. आपणही पन्नास वर्षांत पुष्कळ वाया घालविला. त्या घंटेची गोष्ट येथे सांगत नाही. आणि मुलींच्या आईबापांस विशेष विनंती की, गटाची बैठक दिवसाउजेडी होईल, सोबत भगिनी असतील, वेळेवर घरी सोडले जाईल. तेव्हा भाऊ गेला म्हणून बहिणीने घरी राहावे, हा न्याय या कामापुरता तरी चालवू नये.

याला कोणाची हरकत असेल तर मेंढ्याच्या रीतीने आपण थांबू व पुन्हा बसू. बहुमताने हे मंजूर करून घेण्याची आमची इच्छा नाही.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मुले बोडीवर जाणार आहेत. पाणी गुडघ्याच्या वर असलेल्या भागात कोणी उतरणार नाही, असे त्यांनी स्वतः ठरविले आहे. ज्यांच्या घरी विळा, पावडे, टोपली, जुना दोर असेल त्यांनी ते शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावे, आणि आपले नाव वहीत लिहून जावे. वही त्या मुलीकडे आहे. ती आता अकरावीत आहे, आणि सभेच्या मागच्या दाराशी उभी आहे.